दांडा सरकतोय

३ मार्च

वर्ष पुन्हा पहिल्यापासून. फेब्रुवारीत झोपेत फीट आली, म्हणून लायसन्सची मुदत परत एकपासून मोजायची; वर्षभर फीट आली नाही तरच ते परत मिळतं. डॉक्टरीणबाई हे सगळं फार गोड हसून सांगत होत्या.

येताना माझी बायको मेना गाडी चालवत होती, मी शेजारी गाठोड्यासारखा. खिंड उतरताना दर वळणावर, "बरा आहेस ना?" बरा आहे. बरा आहे. बरा आहे. आमच्या दरीतून बाहेर जायला रस्ता एकच, तोही खिंडीतून, आणि पायी चढायला माझा गुडघा राहिलेला नाही. मेनाशिवाय जायचं तर बस फक्त मंगळवारी. एकसष्टाव्या वर्षी मी मंगळवारचा माणूस झालो.

१० मार्च

डोक्यात एक आलंय. दोन चाकांवर फीट आली तर संपलंच. पण तीन चाकं असली, पुढे दोन, मागे एक, आणि मध्ये खुर्चीत रेलून बसायचं, पाय समोर पेडलवर — तर पडणार कुठे? आधीच आडवा! पेडल थांबलं की मोटर बंद, अशी जोडणी करायची. म्हणजे सायकलच, लायसन्स नको. चढावर माझा गुडघा अर्धं काम करेल, अर्धं बॅटरी.

खाणीच्या वर्कशॉपात आयुष्यभर लोखंड जोडलं. हे जमू नये?

११ मार्च

मेनाला सांगितलं. ती म्हणाली, "आणि चालवणार कुठे?" म्हटलं, खिंडीपलीकडे, टावीनच्या समुद्रापर्यंत. एकटा. तिने भांडी जरा जास्तच आपटून ठेवली.

२९ मार्च

टेकविनकडून वेल्डिंगचं मशीन आणलं. म्हणजे मशीन आलं आणि त्याच्याबरोबर टेकविनही आला. खाणीत तो माझा जोडीदार होता, तेव्हापासून आगाऊच. जमिनीवर खडूने काढलेला आराखडा बघून म्हणाला, "इडवल, पाय पुढे करून जायची एवढी घाई काय झालीय तुला? कबरस्तानात सगळेच एकदा तसे जातात." मेनाने त्याला बारा ब्रिथचा, म्हणजे मनुकांच्या गोड पावाचा, जाड तुकडा कापून दिला, वर लोणी. मला पातळ. त्याच्याशी हसून बोलते. माझ्याशी गोळ्यांच्या वेळा बोलते.

१९ एप्रिल

सांगाडा उभा राहिला. चौकोनी नळी, दोन जुन्या सायकलींचे अवयव. पुढचं डावं चाक उजव्याशी भांडतंय. वळताना दोघांचं तोंड वेगळीकडे.

२ मे

चाकांचं भांडण मिटलं. आता पुढचा दांडा. त्याच्या टोकाला पेडल, आणि तो मुख्य नळीत आतबाहेर सरकतो. चालवणाऱ्याच्या पायाच्या लांबीवर आणायचा आणि पकडीचे दोन बोल्ट आवळायचे. नाहीतर एक तर पाय पोचत नाहीत, नाहीतर गुडघे हनुवटीला. माझ्या मापावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली.

बसून बघितलं. शेडचं छप्पर दिसलं, कोळ्याची जाळी दिसली. स्वयंपाकघराच्या खिडकीत मेना उभी होती. मी शेडमध्ये गेलो की ती खिडकीत येते. जेल असतं तिथेही शिपाई अधूनमधून चहाला जातो.

२१ मे

बॅटरी बसवली. अंगणातून गेटपर्यंत स्वतः गेलो, आवाज म्हणाल तर चेनचा, तोही कुजबुज. गेटापाशी मेना हात आडवा करून उभी. "ह्याच्या पुढे नाही." का? "कारण मी म्हणते." मी बायकोचं ऐकून माघारी फिरलो. मागे जायला गाडीला गिअर नाही, म्हणून उतरून ढकलावी लागली. ह्याच्यासारखी शरम नाही.

३० मे

मेनाने झेंडा शिवला. गाडी जमिनीलगत असते, कुंपणांच्या वर काहीतरी दिसायला हवं म्हणून मागे उंच काठीला लावायचा. तिच्या टपालाच्या जाकिटाचा केशरी भाग कापलाय. वीस वर्षं ती ह्या डोंगरांत टपालाची गाडी फिरवत होती, प्रत्येक वाडीतला कुत्रा तिला नावाने ओळखायचा. मला फीट यायला लागल्या तशी तिने नोकरी सोडली. मी म्हटलं, अगं जाकीट कशाला फाडलंस? म्हणाली, "आता ते घालून जायचंय कुठे."

बरं वाटलं. वाटलं, पाघळली. पण गेटाबाहेर जाऊ देईना.

९ जून

दांडा सरकतोय. आज बसलो तर पाय आखडलेले. बघतो तर दांडा पांढऱ्या रेघेच्या अंगठाभर आत. चेन ओढते म्हणून आत येत असणार. बोल्ट आवळले.

१३ जून

पुन्हा सरकला! चेनही वेगळ्याच दातावर. आणि बॅटरी सकाळी भरली होती, आता पाऊण. विकणाऱ्याने जुना माल गळ्यात मारला.

दुपारच्या गोळीने मेल्यासारखी झोप लागते. उठलो की डोकं ओल्या लोकरीसारखं. मेना कोंबड्यांकडून आली, गाल लाल, पिंडरीवर खाजकुयलीसारखे चट्टे. म्हणाली, कोंबड्यांच्या मागे खाजऱ्या झुडपांचं रान माजलंय. म्हटलं, कापतो. नको म्हणाली.

२० जून

पुन्हा दांडा. पकडीच्या आत बिअरच्या डब्याचा पत्रा कापून घातला. हाताला कापलं. आपल्याच हातची पकड आपल्याला दगा देते हे सहन होत नाही. खाणीत माझ्या जोडावर माणसं लटकली आहेत.

मेना हल्ली खुशीत आहे हेही सहन होत नाही. भांडी घासताना गाणं म्हणते. मी इथे खिळलेला आणि ती गाते.

१ जुलै

पत्र्याचाही उपयोग नाही.

८ जुलै

काल फीट आली. जागा झालो तो जमिनीवर, जीभ चावलेली, तोंडात रक्त. हाक मारली. मेना नव्हती. खूप वेळ नव्हती. किती ते कळत नाही, पण ऊन गालिच्यावरून भिंतीवर चढलं होतं. मग धावत आली. अंगभर घाम, पोटरीला चेनचं काळं वंगण. माझं डोकं मांडीवर घेऊन इतकी रडली की मलाच तिची समजूत घालावी लागली. "कोंबड्यांकडे होते रे, कोंबड्यांकडे होते." वंगण कसलं विचारलं, तर शेडमधून दाण्याची पिशवी काढताना लागलं म्हणाली.

म्हणजे वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

९ जुलै

काही नाही.

२ ऑगस्ट

एकच चांगली बातमी — दांडा सरकायचा थांबला! पत्र्याची दुसरी घडी घातली होती, तिने काम केलं. बॅटरीही सुधारली, भरली की भरलेली राहते. टेकविनला अभिमानाने दाखवलं. तो वाकून बघत राहिला. "बोल्टांची डोकी बघ कशी घासलीत. कुणी ह्यांचा छळ केलाय?" म्हटलं, मीच, दर दोन दिवसांनी आवळत होतो. म्हणाला, "आवळून अशी होत नाहीत. सोडून होतात." त्याला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचं असतं.

१६ ऑगस्ट

मेना बोलत नाही. म्हणजे बोलते — गोळी घे, सूप निवतंय, दार लोट. दुपारी माझ्या पलंगाशी खुर्ची टाकून बसते, मी उठेपर्यंत हलत नाही. तिची नजर अंगावर असताना झोप लागत नाही आणि गोळी जागू देत नाही.

कार्डिफहून मुलीचा, लोवरीचा, फोन होता. मेना तिला म्हणत होती, "नाही गं पोरी, आता कुठे नाही जात." फोन ठेवल्यावर विचारलं, कुठे नाही जात? म्हणाली, "बाजारात." बाजारात तर आम्ही दोघं मंगळवारी गेलो होतो.

आम्ही दोघं एका घरात, आणि हवा कमी पडतेय.

४ सप्टेंबर

टेकविनची व्हॅन मागे, मी पुढे, खिंडीच्या पहिल्या कुंपणापर्यंत. गेलो! गुडघा कुरकुरला, मोटरने हात दिला. मेंढ्या बाजूला झाल्या, माझ्या तोंडाशी तोंड, इतका खाली बसतो मी. वरून सगळी दरी दिसली, आमचं घर काडेपेटीएवढं. एवढ्याशा घरात मी गुदमरत होतो.

घरी आल्यावर मेनाला म्हटलं, तेरा तारखेच्या रविवारी समुद्रापर्यंत जाणार, तू हो म्हण किंवा नको म्हण. तिने हातातलं ताट पुसून ठेवलं. मग म्हणाली, "खिंडीतल्या दुसऱ्या गेटानंतर वळण अवघड आहे. तिथे ब्रेक आधी दाब, वळता वळता नको. मागचं चाक उचलतं."

टपालाच्या गाडीची सवय. पण हो म्हणाली!

१२ सप्टेंबर

उद्या जायचं. सगळं खोलून रॉकेलने धुतलं. दांड्यावरचा काळा लगदा फडक्याने पुसला तर खाली रेघ निघाली. लाल. माझी पांढरी जागेवर आहेच. ही तिच्या चार बोटं आत. मी लाल रंग कधी आणलाच नाही. नखाने खरवडून बघितलं, चकाकतो आणि नेलपॉलिशसारखा पापुद्रा निघतो.

टपालाच्या गाडीला चार चाकं होती. मागचं एकच चाक उचलणारी गाडी ह्या घरात दुसरी कुठली आहे?

लाल रेघेवर दांडा आणून बसून बघितलं. गुडघे हनुवटीला. मेना माझ्या खांद्याएवढी आहे.

शेडमध्ये बसून राहिलो. इतका मूर्ख माणूस ह्या दरीत दुसरा नसेल.

१३ सप्टेंबर, रविवार

दांडा लाल रेघेवर ठेवला, बोल्ट आवळले, बॅटरी भरली. टेकविनला सकाळीच बोलावून घेतलं, अंधार पडेपर्यंत माझ्याजवळ बसायचं. मेनाला शेडमध्ये नेलं. तिने दांड्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "त्या दिवशी मी..." म्हटलं, तेव्हाचं राहू दे, समुद्रापर्यंत जाऊन ये. "आणि तू?" म्हटलं, टेकविन आहे, पत्ते आहेत. मला आणखी पडायला जागा कुठे आहे?

गेटापाशी ती थांबली, मागे वळून बघितलं, मग गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पहिल्या कुंपणावर केशरी झेंडा दिसला, मग दुसऱ्या गेटापाशी — ब्रेक आधी दाबला असणार — मग खिंडीत दिसेनासा झाला. टेकविन म्हणाला, "बस की आता." मी अजून उभाच आहे.