मामांची न उघडणारी रिंग

मळवली,
गुरुवार

आदरणीय रतनमामा यांना भाची यशोधराचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मामींना विचारलं तर "बरा हाय" म्हणतात, आणि तुम्हाला विचारावं तर तुम्ही फोन उचलत नाही. सोमवारपासून दर वेळी मामीच फोन घेतात आणि "ते झाडांना पानी घालत्यात" असं सांगतात. मामा, चार दिवस तुंगार्लीत धो धो पाऊस कोसळतोय. मालकांनी तुम्हाला बंगल्याची बाग सांभाळायला ठेवलंय हे खरं, पण एवढंही मनावर घेऊ नका. (राग माझ्यावर आहे, हे कळतं मला. म्हणून तर हे पत्र.)

आधी आनंदाची बातमी. सोमवारी माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली आणि मी पास झाले! पाच वर्षं मी काय करत होते ते आई अजूनही शेजारीपाजारी "औषधाचं कायतरी" असं सांगते, म्हणून तुम्हाला नीट सांगते. कार्बनच्या अणूला चार हात असतात आणि दोन हातांमध्ये त्याला साधारण एकशे नऊ अंशांची मोकळीक लागते. तीन कार्बन एकमेकांचे हात धरून रिंग करून बसले, की त्रिकोणात मिळतात साठच अंश. बिचारे अवघडून बसतात आणि निमित्त मिळताच रिंग उघडते. आता, रासायनिक क्रिया चालू असताना मध्येच असे काही उतावळे रेणू तयार होतात, की पापणी लवायच्या कितीतरी आधी संपतात. ते कुणालाच दिसत नाहीत. म्हणून मी ही अवघडलेली रिंग मूळ रेणूला आधीपासूनच जोडून ठेवते. शेवटी ती उघडलेली सापडली, की समजायचं, स्वारी येऊन गेली. तुम्ही नाही का, मागच्या खिडकीची कडी निघालेली दिसली की मालकांचे चिरंजीव मित्रांना घेऊन येऊन गेले हे ओळखता, तसंच.

परीक्षकांना हे दाखवायला मी तुमच्याकडून बांबूच्या कामटीची रिंग मागितली होती. एकच कामटी, तीन ठिकाणी वाकवलेली, टोकांना सुतळीची गाठ. गाठ सोडली की फटकन उघडायला हवी. पण तुमच्या हातून कच्चं काम जाईल तर शपथ! तुम्ही कामटी रात्रभर भिजवलीत, चुलीवर शेकलीत, वर तिन्ही बाजू बाहेर फुगवल्यात. (बोगनवेलीच्या कमानीला ठीक आहे हो.) परीक्षेच्या तासभर आधी मी पिशवी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "आगं, ताठ वाकवली का फुटती. जरा पोट दिलं का लय टिकती." त्यावर मी जे बोलले, की तुम्हाला यातलं काय कळतंय, ते इथे पुन्हा लिहितानासुद्धा लाज वाटते. तुम्ही फोन ठेवून दिलात.

परीक्षेत व्हायचं तेच झालं. मी गाठ सोडली, रिंग ढिम्म. बाहेरगावच्या परीक्षकांनी ती टेबलावर आपटली, आमच्या विभागप्रमुखांनी दोन्ही हातांनी ओढली (त्यांची खुर्ची मागे सरकली, रिंग नाही). मग परीक्षकांनी ती उजेडात धरली आणि विचारलं, या बाजू अशा फुगीर का? मामा, मी ती परत हातात घेतली आणि फिरवून पाहू लागले. तेवढ्यात तुमचं ते "पोट" आठवलं आणि लखकन डोक्यात उजेड पडला. कार्बनच्या त्या रिंगेतही बंध सरळ रेषेत नसतातच! ते असेच बाहेरच्या अंगाला वाकलेले असतात, तेवढाच कोपऱ्यातला ताण हलका होतो. सगळा जात नाही, म्हणून खरी रिंग उघडते. तुमची शेकून त्याच आकारात मुरलेली, म्हणून ती उघडली नाही. हे मी एम.एस्सी.ला पाठ करून लिहिलं होतं, पण समजलं ते सोमवारी. मग वीस मिनिटं मी फळ्यापाशी अशी काही बोलले, की परीक्षक चहा प्यायचं विसरले. इतक्या सोप्या रीतीने हे आजवर कुणी दाखवलं नव्हतं, असं ते म्हणाले. पुढे आणखी बरंच बोलणं झालं, आता नीटसं आठवत नाही.

मामा, तुम्ही नसतात तर मी पास झाले नसते. हे मी मनापासून लिहितेय. मामींना जय भीम.

तुमची,
यशोधरा

ता.क. रिंग परीक्षकांनी ठेवून घेतली आहे. आणखी एक करून द्याल का? तशीच हवी, पोट दिलेली.

ता.क. २. पुढचं बोलणं आठवत नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. त्या बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, "ही कल्पना तुमचीच ना?" आणि मी हो म्हणाले. मामा, मी हो म्हणाले. त्यांनी ते अहवालात लिहिलं, माझ्या नावावर, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. येत्या सोमवारी अकरा वाजता मी विभागात जाऊन खरं काय ते सांगणार आहे. तुम्ही बरोबर याल? नाही आलात तरी सांगणारच आहे, फक्त रडत सांगेन.