तिसऱ्यांदा विचारल्यावर

बर्मिंगहॅम
रविवार, १४ सप्टेंबर १९५८

प्रिय हॅनी आत्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मिसेस फीरिकनी ते माझ्या ताटाला टेकवून उभं केलं होतं, म्हणजे जेवणाआधी वाचावंच लागणार. घरमालकीण असली तरी लिमरिकची बातमी तिला माझ्याबरोबरच हवी असते. तीही आपल्यासारखी आयर्लंडची, मेयोची. समोर बसून म्हणाली, "मोठ्यांदा वाच गं, माझा चष्मा वर राहिलाय." चष्मा तिच्या नाकावर होता.

तुझ्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. डॉक्टर सांगतात ते ऐक आणि शिडीवर चढू नकोस. वरच्या फळीवरचे तागे नेली कल्हेनला काढू दे. ती इतकी वर्षं दुकानात आहे, कुठला तागा कुठे आहे ते तुझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक असेल. (रागावू नकोस.)

मी बरी आहे. खोकला गेला. इथला पाऊस काळा असतो, पांढऱ्या कॉलरवर ठिपके पडतात, म्हणून आता मी राखाडी कॉलर शिवून घेतल्या आहेत.

सोबत चार रुमाल पाठवते आहे. मागच्या खेपेला तू लिहिलं होतंस, "कारखान्यातल्या मुलीला इतकं तलम लिनन कुठून मिळतं? चोरीचं असेल तर निदान दुकान चांगलं निवडलंस." चोरीचं नाही गं. आमच्या कंपनीत क्रेन आणि पूल बनतात. त्यांचे आराखडे ड्राफ्ट्समन लोक कागदावर पेन्सिलीने काढतात. आम्ही ट्रेसर मुली त्यावर एक कडक, निळसर, चकचकीत कापड पसरतो आणि प्रत्येक रेघ शाईने गिरवतो. हे कापड म्हणजे खळ चढवलेलं लिनन. एखादा तुकडा वाया गेला तर आम्ही घरी नेतो, उकळतो, खळ निघून जाते आणि खाली तू पाहिलंस तसं कापड राहतं. परवा आमच्यातल्या एकीने भाच्याचा बाप्तिस्म्याचा झगा शिवला. उजेडात धरला तर काखेजवळ अजून शाईतला एक बोल्ट दिसतो.

आईने पुन्हा नर्सिंग शाळेचं कात्रण पाठवलंय. तिच्या मते मुलीला जगात दोनच जागा आहेत, हॉस्पिटल नाहीतर हॅनीचं दुकान. कोंबडी कापायची वेळ आली की मी गोठ्यात जाऊन लपायची, हे ती साफ विसरली आहे.

तू लिहितेस, "आता तिसऱ्यांदा विचारते. दुकान तुझं. नाताळच्या मालाची मागणी पाठवायच्या आत ये किंवा कळव." वाचलं, आत्या. दोनदा वाचलं. त्याबद्दल नीट लिहायचं आहे, पण चर्चमधल्या मिस्साची वेळ झाली.

ऑफिसात विशेष काही नाही. ड्रॉइंग ऑफिसमध्ये शिकाऊ ड्राफ्ट्समनची एक जागा निघाली आहे. मुलगी असली तरी चालेल म्हणतात. मिळेल कुणाला तरी.

घाईत,
तुझी इटा


बर्मिंगहॅम
रविवार, २८ सप्टेंबर १९५८

प्रिय आत्या,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि माझी मलाच लाज वाटली. मिस्साला अजून दोन तास होते. मी ते दोन तास पलंगावर बसून काढले.

"मिळेल कुणाला तरी" असं मी लिहिलं ना, ती जागा मला विचारली होती.

आमचे मुख्य मिस्टर ट्रँटर. उंच, वाकलेले, बोलताना समोरच्या माणसाकडे न बघता त्याच्या कामाकडे बघतात. त्या आठवड्यात ते माझ्या टेबलापाशी थांबले, मी गिरवत होते ती रेघ संपेपर्यंत गप्प उभे राहिले आणि म्हणाले, "मिस हार्टनेट, शिकाऊची जागा आहे. तुमचा हात चांगला आहे आणि तुम्ही प्रश्नही विचारता. घेणार का?"

माझ्या तोंडून काय निघालं असेल ते तुला सांगायला नकोच. मी म्हटलं, "छे हो, साहेब! मला कुठलं जमायला!"

"बरं," ते म्हणाले. आणि गेले.

मी वाट बघत बसले. जेवणाच्या सुट्टीत वाट बघितली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्या दारावरून गेले. त्यांनी मान हलवून "गुड मॉर्निंग" म्हटलं, एवढंच.

हे मी आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. शेवटी बटाटे सोलताना मिसेस फीरिकना सांगितलं, तर तिने सुरी खाली ठेवली.

"तू नको म्हणालीस?"

"एकदाच. लगेच हो कसं म्हणणार? हावरट दिसलं असतं."

"अगं बये! हे इंग्रज लोक. नको म्हटलं की त्यांना नकोच ऐकू येतं. मी इथे आले तेव्हा ज्या घरी कामाला होते, तिथल्या बाईनं पहिल्याच जेवणाला विचारलं, डीलिया, आणखी बटाटे? मी म्हटलं, नको बाई, पोट भरलं. झालं! भांडं उचललं आणि गेली आत! रोज एकदा विचारायची, रोज मी नको म्हणायची, आणि रोज भांडं आत. शेवटी एक दिवस मी ते तिच्या हातातून ओढूनच घेतलं."

"मग बाई काय म्हणाली?"

"म्हणाली, भूक होती तर बोलली का नाहीस? जशी काही मी घोडी आहे, खिंकाळून सांगायला!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खाली येऊन बघून गेला. मग मात्र तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि तुला ती जागा हवी आहे की नाही? की नुसतं विचारलं म्हणून बरं वाटलं?"

आत्या, तेव्हा मला लिव्हरपूल आठवलं. गेल्या नाताळात घरी येताना बोट सुटायची वाट बघत मी कठड्याला टेकून उभी होते. धक्क्यावर एक नवी क्रेन होती. मी नुसती बघत होते आणि बघता बघता लक्षात आलं, हिच्या हाताचा सांधा मला माहीत आहे. तो मी गिरवला होता, तीन आठवडे. आता तो खरोखरचा माल उचलत होता, एक माणूस खाली उभा राहून त्याला शिव्या देत होता, आणि मला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी बाईला मी ते सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "वा! तुम्ही बनवली?" मी म्हटलं, "नाही. मी दुसऱ्याची रेघ गिरवली." बोट सुटली तरी ते माझं मलाच टोचत राहिलं. मला माझी रेघ हवी आहे, आत्या. चुकली तरी माझी.

मी मिसेस फीरिकना म्हटलं, "हवी आहे."

"मग उद्या जा आणि माग."

स्वतःहून मागायचं! रात्रभर झोप लागली नाही. तू मला चमचाभर जॅमसुद्धा मागू दिलं नव्हतंस. कुणी विचारलं तरच, आणि तेही तिसऱ्यांदा. सकाळी मी ट्रँटरसाहेबांच्या दारात उभी राहिले.

"साहेब, ती जागा मला हवी आहे."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"मग यातलं खरं कोणतं?"

"आजचं."

"मग त्या दिवशी नाही का म्हणालात?"

"तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "मिस हार्टनेट, मी क्रेनवाल्यांना विचारतो, हा दोर दोन टन उचलेल का. ते लाजून नाही म्हणाले आणि मनात हो असलं, तर माझं काय होईल?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. मात्र ते म्हणाले की एक दुसरं नाव त्यांनी वर कळवलं आहे, तो माणूस चांगला आहे आणि त्याला नुसतं बाजूला सारणं बरं नाही. मला पटलं. शेवटी ठरलं ते असं की आम्हा दोघांनीही क्रेनच्या केबिनवर चढायच्या लोखंडी जिन्याचा आराखडा काढायचा, मापं घेण्यापासून सगळं स्वतः. येत्या बुधवारी ते दोन्ही शेजारी ठेवून बघणार. जागा मिळाली तर आठवड्यातून तीन संध्याकाळी टेक्निकल कॉलेजात जावं लागेल आणि गणितात मी कच्ची आहे, शाळेतल्या सिस्टर बेनिग्नसना विचार.

माझा जिना काल पुरा झाला. दोनदा खोडला. अंगात जाड कोट आणि एका हातात डबा असलेला माणूस त्यावरून कसा चढेल, याचाच मी सगळा वेळ विचार करत होते. चढेल असं वाटतं.

आता तुझं.

तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी लिहिलं, "नको गं आत्या, तुझं दुकान तुलाच शोभतं." दुसऱ्यांदा लिहिलं, "माझ्यापेक्षा कुणी लायक बघ." तू ते वाचून मनाशी हसली असशील, पोरीला वळण आहे म्हणून. आपल्याकडे कुणीही तेच समजलं असतं. ते वळण नव्हतं, आत्या. दोन्ही वेळा मी खरंच नाही म्हणत होते. ट्रँटरसाहेबांना खोटं नाही म्हटलं ते त्यांनी खरं धरलं, आणि तुला खरं नाही म्हटलं ते तू शिष्टाचारात जमा केलंस. त्यात तुझी चूक नाही. मला ठाऊक होतं तू काय समजशील. ते सोयीचं होतं, म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

मी दुकान घेणार नाही.

ते मला आवडत नाही म्हणून नव्हे. शाळेची सगळी वर्षं मी तुझ्या माडीवर काढली. संध्याकाळी दार लावल्यावर तू गल्ल्यापाशी चहा प्यायचीस आणि दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचीस. तेवढं हसू मला नंतर कुठेही मिळालं नाही. पण त्या दुकानात सगळं आधीच जागच्या जागी लागलेलं आहे. मी आले तर त्याची धूळ पुसत राहीन, आणि तुझ्यावर मनातल्या मनात चिडत राहीन. ते मला चालणार नाही.

बुधवारचा निकाल कळल्यावर लिहावं असं मनात आलं होतं. मिसेस फीरिकही तेच म्हणाली, "थांब की चार दिवस, दोन्ही दारं उघडी राहू देत." पण जागा मिळाली नाही म्हणून मी तुझ्याकडे आले, तर तुझ्या वाट्याला माझं उरलेलं येईल. तू त्याहून जास्त लायकीची आहेस. जागा मिळाली नाही तर मी इथेच ट्रेसर राहीन, कॉलेजात नाव घालीन आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागेन. आता मागता येतं मला.

नर्सिंगचं आईला मी वेगळं लिहिते. तिच्यासाठी एखादं वाक्य सुचलं तर कळव.

आणि दुकान नेलीला विचार. तुझ्या मनात हे आलं नसेल असं नाही, फक्त तिचं आडनाव हार्टनेट नाही म्हणून तू थांबली असशील. ती पहिल्यांदा नको म्हणेल, दुसऱ्यांदा लाजून लाल होईल आणि मागच्या खोलीत पळेल. तू मागोमाग जा. तिच्या बाबतीत तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय सोडू नकोस.

मला मात्र चौथ्यांदा विचारू नकोस, आत्या. बाकी कुणालाही मी नाही म्हणेन. तू पुन्हा विचारलंस तर माझ्याने नाही म्हणवणार नाही, आणि मग आपण दोघी त्यात आयुष्यभर अडकू.

तुझ्या उत्तराची भीती वाटते. तरी लिहीच. रागाचं असेल तर रागाचं.

नाताळला घरी येणारी, पण राहायला न येणारी,
तुझीच
इटा