स्क्रूच्या खाचेशेजारचे ओरखडे

अण्णा, एक गंभीर तक्रार तुमच्या कानावर घालायची आहे. मी स्क्रूड्रायव्हरचा नवा संच मागवला. नऊ नग, नऊ रंगांच्या मुठी, खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘उस्तादांसाठी’. रंग असे, की बोहारणीनंही दोनदा वळून बघावं; पोलाद असं, की पहिल्याच स्क्रूपुढे पात्यानं मान टाकली. तुम्ही असतात तर तो संच गिऱ्हाइकांना कान कोरायला वाटला असतात.

मला संस्कृत शिकवलंत आणि बसवलंत मेन रोडच्या आपल्या सहा फुटी घड्याळदुरुस्तीच्या दुकानात. त्याचा एकच फायदा झाला. न्यायशास्त्रात व्याख्येचे तीन दोष सांगितलेत, ते मला स्क्रूड्रायव्हरमध्ये भेटले. पातं खाचेहून अरुंद असलं तर अव्याप्ती, ते मधोमध उकरतं. रुंद असलं तर अतिव्याप्ती, बाहेर डोकावून शेजारची प्लेट ओरबाडतं. तिसरा दोष असंभव, म्हणजे कुठेच लागू न पडणं. त्याचं उदाहरण सापडत नव्हतं, ते आता नऊ रंगांत घरपोच आलं. बाजारचा ड्रायव्हर तुम्ही कधी तसाच वापरला नाहीत. आधी खाच बघायची, मग ऑइलस्टोनवर पातं तिच्या मापाचं घासायचं. मी पहिल्यांदा घासलं तेव्हा चांगलं धारदार केलं आणि कौतुकाच्या अपेक्षेनं पुढे धरलं. तुम्ही भिंग न काढता म्हणालात, “पंडित, हे घेऊन लासलगावला जा. कांदे छान चिरशील.” धार नको, टोक सपाट हवं, खाचेत घट्ट बसायला हवं, हे त्यानंतर तासाभरानं सांगितलंत. तोवर मी पातं घासतोय, तुम्ही गालात हसताय.

मागच्या आठवड्यात मनमाडहून एक बाई आल्या. आजोबा रेल्वेत गार्ड, त्यांचं खिशातलं घड्याळ रुमालात बांधून आणलेलं. “काका, मागे कुणीतरी नाशिकलाच केलं होतं,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून थांबतंय. पण माझ्या मुलाच्या लग्नात त्याच्या खिशात चालू पाहिजे बघा.” मी शनिवारचा वायदा केला. मागचं झाकण उघडलं आणि माझं तोंड सुटलं. स्क्रूच्या खाचेचे काठ खाल्लेले, शेजारी प्लेटवर तीन लांब ओरखडे. “हे घड्याळजीनं केलंय की नांगरटीवाल्यानं?” मी म्हणालो. “अशा माणसाला पंक्चरच्या दुकानातसुद्धा उभं करू नये.” बाई बिचाऱ्या ओशाळल्या, जणू त्यांनीच केलं. त्या गेल्यावर झाकण आतून पुसलं. दुरुस्ती करणारा तिथे आपली खूण कोरतो, म्हटलं या महापुरुषाची ओळख तरी करून घेऊ. बारीक बाण होता. खाली महिना आणि वर्ष. तुमचं दुकानातलं शेवटचं वर्ष. तुमचा बाण जन्मभर ओळंब्यात सरळ, हा मात्र वाकडा होता.

त्या वर्षी तुम्ही मला सारखे चहा सांगायला पाठवायचात. चहावाला दिवसातून चारदा दारावरून जायचा, तरी “जा रे, समोर सांगून ये.” मला वाटायचं, म्हातारपणी चहाची तल्लफ वाढली. कौतुकानं सगळ्यांना सांगतही होतो. तुमच्या हाताकडे बघायचं सुचलं नाही.

परवा बायको डबा घेऊन दुकानात आली. मी त्याच घड्याळावर वाकलो होतो. तिला म्हणालो, “जरा समोर चहा सांगून येतेस?” ती म्हणाली, “अहो, आत्ता तर झाला. कप पुढ्यातच आहे तुमच्या.” तरी गेली. मी घाईनं पातं स्क्रूवर टेकवलं, आणि चौथा ओरखडा निघाला. झाकण लावून टाकलं.

हे पत्र ऑइलस्टोनच्या डबीत ठेवतोय, बायको ती उघडत नाही. वर पात्यानं मान टाकली असं लिहिलंय, ते खोटं आहे. नवा संच ठीक आहे. चौथा ओरखडा तुमच्या जुन्या ड्रायव्हरनं काढला, तुम्हीच माप करून दिलेल्या. अण्णा, माझा हात थरथरतो, दिवाळीपासून. डॉक्टरकडे गेलेलो नाही, आणि शनिवारी त्या बाईंना काय सांगायचं ते मला ठाऊक नाही.