दादाच्या जामिनाचं पत्र

३ मार्च, मंगळवार
दादाला धरलं. बंदरावर, बोटीतून उतरता उतरता. गुन्हा काय, तर देवमासे मारणाऱ्या जहाजाला बोट आडवी घातली. ज्या देशाचं जहाज, त्यांनी वॉरंट काढलंय. आता आमचं सरकार दादाला तिकडे पाठवणार म्हणे. पार्सल आहे का तो?
मी अजिबात घाबरलेली नाही. डोकं फिरलंय फक्त. उद्या पोलिस स्टेशनला जाऊन एकेकाला झाडणार.

४ मार्च
स्टेशनला गेले नाही. माझ्या लेकीला, चिमणीला सर्दी. लाँड्रीत कामाला गेले तर शेजारच्या टेबलावरची इस्त्रीवाली म्हणाली, माशापायी जेल? भलताच शहाणा गं तुझा भाऊ. मी म्हटलं, मासा नाही तो, पिल्लाला दूध पाजतो, तुझ्यामाझ्यासारखा. तर म्हणते, माझ्यासारखा म्हणजे? मी एवढी जाडी आहे?
रागात एका साहेबांचा शर्ट जाळला. चूक तिचीच, तिनेच बडबड केली.

५ मार्च, दुपारी
दारावर टकटक. पोलिसच. आता बहिणीलाही नेणार. चिमणीला घेऊन बाथरूममध्ये गेले, कडी लावली. घाबरून नाही. तिचं अंग पुसायचं होतं. अर्धा तास पुसलं.
नवरा म्हणाला, गॅसवाला होता, कंटाळून परत गेला.

६ मार्च
वकीलबाई घरी आल्या. दादाची केस फुकट लढतात. म्हणाल्या, पाठवायचं की नाही याचा निकाल लागायला महिने जातील, तोवर जामिनावर त्याला तुमच्या घरी ठेवता येईल. पण सरकारी वकील म्हणणार, हा पळून जाईल. म्हणून तुम्ही जजसाहेबांना पत्र द्या. चारच ओळी. भाऊ माझ्याकडे राहील, भाचीचा लळा आहे, कुठे जाणार नाही. आणि आधी मला दाखवा.
म्हटलं, आजच लिहिते.

८ मार्च
लिहिलं नाही. पेन चालत नव्हतं. नवऱ्याने दुसरं आणून दिलं. ते चालत होतं, पण मूड गेला.

९ मार्च, सोमवार
लिहिलं! चार पानं. चार ओळींत दादा मावतो का? वकीलबाईंचं ऐकलं तर जजला वाटेल, हा कुणीतरी उशीला टेकून बसणारा मुळमुळीत बाप्या. अशाला कोण वाचवणार? मी खरं ते लिहिलं. बाबांनी खोलीत कोंडला तर कौलं काढून पळाला. शाळेच्या भिंतीवर काचा लावल्या, तर वर गोणपाट टाकून पळाला. समुद्र दिसला की घरदार विसरतो. त्याला धरून ठेवणारा अजून जन्मला नाही. असा वाघ आहे माझा भाऊ!
वकीलबाईंना दाखवलं नाही. सगळा जोर काढून टाकला असता त्यांनी. थेट कोर्टात जाऊन क्लार्कच्या हातात दिलं. सातवी शिकलेल्या बाईचं पत्र वाचून जज खुर्चीतून उठतो की नाही बघाच.

११ मार्च, बुधवार
जज उठले नाहीत. पत्र सरकारी वकिलाला दिलं. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि चक्क माझे आभार मानले. मला वाटलं, हा पण पाघळला. वकीलबाईंकडे बघितलं तर कपाळाला हात.
मग जज म्हणाले, सख्खी बहीणच सांगतेय, याला धरून ठेवणारा जन्मला नाही. जामीन नामंजूर.
मी बाकावर उभी राहून ओरडले. खुनी सोडता आणि वाचवणाऱ्याला डांबता, लाज वाटते का. मला बाहेर काढलं. वाघ म्हटलेलं त्यांना दिसलंच नाही. बाकीचं बरोबर दिसलं.

१३ मार्च, शुक्रवार
जेलमध्ये भेट. जजला, सरकारला, त्या जहाजवाल्यांना काय काय शिव्या द्यायच्या, सगळं पाठ करून गेले होते. काचेपलीकडे दादा आधी पोट धरून हसला. म्हणाला, तू सरकारी वकील व्हायला पाहिजे होतंस. मग हळूच विचारलं, पाठवतील का गं मला?
म्हटलं, कुणाची छाती आहे!
वेळ संपली. बाहेर आले तर चिमणीचा मोजा निघालेला. मला घालता येईना, दोनदा टाच वरच आली. गेटवरचा पोलिस म्हणाला, द्या ताई इकडे. त्यानेच घातला.
दादाला सॉरी म्हणायचं राहिलं. पुढची भेट पंधरा दिवसांनी. तोवर तो इथे असला तर.