बाबल्याच्या नोकरीबद्दल

मुंबई, दसरा, १९८४

तीर्थरूप आयेस, भागोजीचा डाव्या हाताने नमस्कार. अक्षर वेडंवाकडं आहे, घाबरू नकोस. उजव्या हाताची जखम भरली. जेवण जातं. आपलं भात कापणीला आलं का?

भरपाईचा अर्ज कोर्टात घातला आहे. मॅनेजर म्हणतो, अर्ज मागे घे, तुझ्या जागेवर भावाला लावतो. तू तर पालीच्या बाजारातून बाबल्याला बॅगसुद्धा आणलीस म्हणे.

बाबल्या, पत्र तूच वाचून दाखवत असशील. इथून पुढचं मनात वाच.

माझी जागा म्हणजे माझी चार बोटं घेतलेलं तेच प्रेस मशीन. काल खंडेनवमीला त्याला धुतलं, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. नारळ मलाच फोडायला लावला. मशीनवर पाणी शिंपडलं, तेव्हा ती नसलेली बोटं मला ओली लागली. ती अजून आतच आहेत रे. मशीन सुरू झालं की खोलीवर बसूनही मला दुखतात. त्या स्टुलावर तू बसायचं नाहीस. अर्ज मी मागे घेत नाही.

आता मोठ्याने वाच.

आये, माझं बरं चाललंय. बाबल्याला कापणीला ठेवून घे. घरचा एक गडी तरी दोन्ही हातांनी धड राहू दे.

तुझा,
भागोजी