टॅनर्स कोव्हच्या एकशे दहा छत्र्या

मी मर्ल कॉर्कम, वय एक्क्याऐंशी, छत्र्या बनवणारा व दुरुस्त करणारा, राहणार हॅलिफॅक्स, नोव्हा स्कोशिया, हे माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी देणेघेणे नाही. याआधी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे आजपासून रद्द समजावीत. त्या दोन्हींत एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

कलम १. अ‍ॅग्रिकोला रस्त्यावरचे दुकान, त्यातला माल, हत्यारे आणि दारावरची पाटी माझ्या धाकट्या भावाची मुलगी शेली कॉर्कम हिला मिळावी. राहते घरही तिलाच. माझ्या थडग्याचा दगड तिने साधा घ्यावा. त्यावर छत्री कोरू नये. हौशी लोक सुचवतील, ऐकू नये.

कलम २. शेलीला रंग कळतात, छत्री अजून कळायची आहे. म्हणून माझी निवडायची रीत तिच्या नावे करून देतो.

गिऱ्हाईक आले की आधी विचारावे, तुम्ही बसने जाता की स्वतःच्या गाडीने. जो माणूस नोव्हेंबरात रोज बसथांब्यावर उभा राहतो, त्याला पर्समध्ये मावणारी घडीची छत्री विकू नये. तिच्या दांड्याला सांधे असतात आणि आपल्याकडचा वारा आधी सांधाच शोधतो. दांडा एकसंध हवा. काड्या सोळा म्हणजे छत्री मजबूत, असे लोकांना वाटते. वाटू द्यावे, पण आपण आठ चांगल्या काड्यांची द्यावी. काडी वाकली पाहिजे आणि वाकून परत सरळ झाली पाहिजे. कापडाची टोके काडीला दोऱ्याने शिवलेली असावीत, नुसती चिकटवलेली नव्हेत. मग गिऱ्हाइकासमोर छत्री मुद्दाम उलटी करून दाखवावी आणि पुन्हा सुलटी करावी. तसे करताना ज्या दुकानदाराचा हात कचरतो त्याला आपला माल माहीत असतो.

सगळ्यात शेवटी काडीवर नखाने टिचकी मारावी आणि कान द्यावा. पोलादाची चांगली काडी टण्ण बोलते. कच्ची काडी ठक्क करते आणि गप्प बसते. माझे डोळे कधीच फार चांगले नव्हते. धंदा मी कानांवर उभा केला.

कलम ३. शेजारचा गार्नेट क्राउज, ज्याने बावीस वर्षे दुकानाच्या दारात पिंप ठेवून सात डॉलरला छत्री विकली आणि मला रोज सकाळी "काय म्हातारबा, खपली का एखादी?" असे विचारले, त्याला तळघरातली मोठी पेटी द्यावी. प्रत्येक वादळानंतर रस्त्यावरच्या कचराकुंड्यांतून मी त्याच्या छत्र्या गोळा करत आलो आहे. चारशेच्या वर भरतील. पेटी त्याने स्वतः उचलून न्यावी.

कलम ४. दुकानाचा वरचा मजला आणि तिथले शिवणयंत्र व्हर्ना मॉसमन हिला मिळावे. कारण कलम ५ मध्ये आहे. ते लिहिताना तिसऱ्यांदा कागद बदलतो आहे.

कलम ५. व्हर्ना माझ्याकडे एकोणीस वर्षे कापड शिवत होती. ती टॅनर्स कोव्हची, कोळ्यांच्या घरातली. त्या गावात छत्री धक्क्यावर नेत नाहीत. होडीवर छत्री गेली तर त्या होडीतला एखादा माणूस परत येत नाही, असे तिथे मानतात. दरवर्षी सप्टेंबरात समुद्रात गेलेल्यांची नावे धक्क्यावर वाचतात आणि म्हाताऱ्या बायका तासभर पावसात उघड्या डोक्याने उभ्या राहतात. १९९१ साली मी त्यांच्या चर्चला पटवले की माझी काळी छत्री उलटत नाही, हातातून सुटत नाही, बायकांना भिजवता कशाला. व्हर्ना म्हणाली, "मर्ल, आमच्या लोकांच्या वाटेला जाऊ नकोस. ते तुला काही बोलणार नाहीत, मला बोलतील." मी हसलो. एकशे दहा छत्र्यांचे काम घेतले.

काड्यांचा गठ्ठा गुरुवारी आला. समारंभ रविवारी. व्हर्नाने एक काडी टिचकावली, मग दुसरी, मग पाच-सहा.

"मर्ल, ह्या बोलत नाहीयेत रे."

"गोदामात गारठल्या असतील."

"पोलाद कधीपासून गारठायला लागलं?"

"शिव तू. रविवार तोंडावर आलाय."

मीही ऐकले होते. गठ्ठा उघडताना पहिल्याच काडीला ऐकले होते. ठक्क. वरचा मजला नुकताच घेतला होता, दारावर 'वादळाला पुरून उरणारी छत्री' अशी नवी पाटी लावली होती, आणि काम परत करायची मला लाज वाटली. लाज कशाची वाटावी याचा हिशेब माझा तेव्हापासूनच चुकला.

रविवारी नावे वाचताना वारा फिरला. पहिली छत्री मोडली तेव्हा कोणी मान वळवली नाही. मग एकामागून एक मोडत गेल्या आणि नावे वाचणारा थांबला. एका आजीच्या हातातली उडाली आणि खाली बांधलेल्या होडीत जाऊन पडली. ती होडी लॉइड मॉसमनची, व्हर्नाच्या सख्ख्या भावाची. लॉइड माझ्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, "का मोडल्या?"

व्हर्ना माझ्या शेजारी उभी होती. मी म्हणालो, "शिवण उसवली. शिवण व्हर्नाची आहे."

ती माझ्याकडे बघत नव्हती, होडीकडे बघत होती. लॉइडने त्या वर्षी होडी पाण्यात घातली नाही. तिच्या आईने नाताळच्या जेवणाला तिला बोलावणे बंद केले, आणि आई गेली तोवर नऊ नाताळ झाले होते. व्हर्ना सोमवारी कामावर आली, सुया डबीत भरल्या, यंत्रावर कापड झाकले आणि गेली. पाटी मात्र मी आणखी अठ्ठावीस वर्षे लावून ठेवली. धक्क्यावर ~~माझी बोलण्यात चूक झाली~~ मी खोटे बोललो. काड्या कच्च्या होत्या, मला ते ठाऊक होते, शिवण शेवटपर्यंत पक्की होती. माझ्या मृत्यूनंतर हे कलम टॅनर्स कोव्हच्या चर्चच्या सभागृहात मोठ्याने वाचावे.

कलम ६. हे आज, सह्या होण्याआधी, हाताने जोडले आहे.

माझ्या वकील डोरीन मॅकाइसॅक यांनी गेल्या आठवड्यात मसुदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "कॉर्कमसाहेब, तुम्ही मेल्यावर हे ऐकायला तिकडे कोण उरणार? लॉइड ब्याऐंशीचा आहे. की तोच बेत आहे?" बेत तोच होता. मंगळवारी मी व्हर्नाला फोन केला. ती आज बसने वकीलबाईंच्या कचेरीत आली, टोपीचा कोट घालून, नखशिखांत भिजून. छत्री नव्हती. तिने कलम ५ दोनदा वाचले.

"'बोलण्यात चूक झाली'? चूक म्हणजे मीठ जास्त पडतं ती. खोटं बोललास, तसं लिही."

मी खोडून लिहिले. खाडाखोड वर आहे तशीच ठेवावी, शाई बदललेली दिसेल.

मग तिने साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवले. "इथे मी सही करते."

डोरीनबाई म्हणाल्या, "नका करू, व्हर्ना. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीत की वरचा मजला आणि यंत्र तुमच्या हातून गेलं."

"कळतंय मला. मजल्यासाठी आले असते तर खुर्चीत स्वस्थ बसले नसते? हा शहाणा आहे, शुद्धीवर आहे आणि माझ्यासमोर हे लिहितोय, एवढं माझ्या नावानं कागदावर राहू दे. पेन द्या."

मी म्हणालो, "व्हर्ना, मग मी तुला देऊ काय?"

"रविवारी अकराला सभागृहात लोक जमतात. गाडी पाठव, नाहीतर पाठवू नकोस, मी बसनं येईन. तू उभा राहून वाच. लॉइडला कमी ऐकू येतं, मोठ्यानं वाच."

म्हणून कलम ४ तिच्या सहीने निरर्थक झाले आहे. मजला आणि यंत्र शेलीकडे जाईल. कलम ५ मधली 'मृत्यूनंतर' ही अट मी काढून टाकत आहे. ते येत्या रविवारी, १७ तारखेला, मी स्वतः वाचणार आहे. सही वेडीवाकडी आली तर त्यावरून माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका घेऊ नये.

मृत्युपत्र करणार: मर्ल कॉर्कम

आम्हा दोघांच्या देखत, आम्ही एकाच खोलीत हजर असताना वरील सही झाली.

साक्षीदार पहिला: ट्रेव्हर डूसे, वकीलबाईंच्या कचेरीतील कारकून

साक्षीदार दुसरी: व्हर्ना मॉसमन, शिवणकाम, मूळ गाव टॅनर्स कोव्ह

हॅलिफॅक्स, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९