ताकदीचं इंजेक्शन

महाड
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

चि. यशराज यास,

मी बरी आहे. पाचाडला भात झोडून झालं, तुझ्या बाबांचा गुडघा तसाच आहे. घरचं एवढंच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पाकीट तुझ्या खोलीवरच पाठवते. वाचून झालं की फाडून टाक.

काल तुझा निरोप आला. ‘आत्या, निशिगंधाला ताकदीचं इंजेक्शन आहे म्हणून देता येईल का? डॉक्टरांशी तू परस्पर बोल.’ तीनदा वाचला. तीनशे मुलांना विज्ञान शिकवणारी बाई मी, आणि तू मला हे खोटं बोलायला सांगतोस.

भाऊबीजेला मी तुझ्या बाबांना, सयाजीला, ओवाळत होते आणि तू शेजारी बसला होतास. तुझे तळहात तेव्हा मी पाहिले. लालसर ठिपके, खाज नाही, दुखणं नाही. तुझी आई म्हणाली, “वन्सं, केमिकल हाय ते. कंपनीत सगल्यांनाच उठतं. मी खोबरेल लावलंय.” कंपनीच्या दवाखान्यानेही मलमच दिलं होतं. या औद्योगिक वसाहतीत कुणाच्या अंगावर काहीही उठलं की केमिकल म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पायमोजे काढ म्हटलं तर तळपायांवरही तेच. केमिकल बुटाच्या आत कसं गेलं, हे कुणी विचारलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी जिभेवर फोड आला होता आणि आपोआप गेला, हे तू रक्त तपासायला जाताना गाडीत बसल्यावर सांगितलंस. आपोआप गेला तो फोड. आजार रक्तात उतरला. रिपोर्टवर सिफिलिस वाचल्यावर तू काय म्हणालास, आठवतं? “आत्या, शप्पथ, तसं काही केलंच नाही. पनवेलला ट्रेनिंगला होतो तेव्हा एकदाच, आणि तेही फक्त तोंडानं. त्यानं काय होतंय?” त्यानंच हे झालं. निरोध तिथेही लागतो, एवढं माहीत नसलेला तू केमिस्ट्रीचा पदवीधर आहेस. ती व्यक्ती कोण, मला जाणून घ्यायचं नाही. पण तिलाही कळव, तिलाही उपचार लागतील.

तुला सरकारी दवाखान्यात दोन्ही कुल्ल्यांत पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं. दोन दिवस लंगडलास आणि प्रकरण संपलं असं धरून बसलास. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायला सांगितलंय, एचआयव्हीची चाचणीही पुन्हा करायची आहे. आणि त्यांनी सगळ्यात आधी काय विचारलं होतं? “बायको?” तू म्हणालास, “माहेरी आहे.” निशिगंधाला पाचवा महिना लागलाय, हे मी सांगितलं.

तिची तपासणी ऑगस्टमध्ये झाली, ती स्वच्छ आली. तुझं पनवेल त्यानंतरचं. म्हणजे पोलादपूरचे डॉक्टर निर्धास्त आहेत आणि तू सांगितल्याशिवाय कुणी तिचं रक्त पुन्हा आताच बघणार नाही. लागण झाली असेल तर ती नाळेतून बाळाकडे जाते. तेच पेनिसिलिन तिला चालतं, बाळालाही वाचवतं. मात्र वेळेत दिलं तर.

आता तुला न सांगितलेलं सांगते. छत्तीस वर्षांपूर्वी मला सातव्या महिन्यात मुलगी झाली. मेलेली. सासूबाई म्हणाल्या, “कालेज शिकलेली ना, ग्रहण कशाला पाळील?” मी खरंच पाळलं नव्हतं. त्या दिवशी सुरीने दुधी चिरला होता. बी.एस्सी. झालेली मी, पण वर्गात ग्रहणाची आकृती काढताना खडू थांबायचा, अकरा वर्षं मनातून तो दुधी गेला नाही. मग हे आजारी पडले आणि शेवटच्या आठवड्यात बोलले. “तेव्हा मी मुंबईहून आल्यावर इंजेक्शन घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले होते बायकोला आणा. तुला सांगायची लाज वाटली.”

एका माणसाच्या लाजेपायी एवढं सगळं. यांचं सगळं मी केलं, तेरावंसुद्धा, पण माफ केलं नाही. तुझ्या बाबांनाही हे ठाऊक नाही.

म्हणून ताकदीचं इंजेक्शन वगैरे माझ्याकडून होणार नाही. तिच्या शरीरात काय टोचतात आणि का, हे तिला कळलंच पाहिजे. पुढे तुझ्यासोबत राहायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.

शनिवारी सकाळी साडेनऊला मी पोलादपूरला तिच्या माहेरी पोचते. डॉक्टरांची दहाची वेळ घेतली आहे. तू आधी पोच, तिला मागच्या पडवीत ने आणि स्वतः सांग. अर्धा तास देते. नाही आलास, तर मी सांगेन, आणि मी काहीही गाळणार नाही.

ती मला विचारेल, “आत्या, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?” दहा दिवस, असं मी सांगणार आहे. पहिल्या दिवशी “आधी तू बरा हो, मग बघू” असं मीच तुला म्हटलं होतं, तेही सांगेन. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही तरी तिचं बरोबरच असेल.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि शनिवारी येणार असलेली,
अनुपमा आत्या